ओली बंडी

या, असे पुढे या. मागे बसलेल्याला गोष्ट अर्धीच पोचते, आणि अर्धी गोष्ट घेऊन घरी गेलेला माणूस उरलेली आपल्या मनाने जुळवतो. तेव्हा सरकून बसा, गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. आज एका सासऱ्याची आणि सुनेची गोष्ट सांगतो. तीत राजा नाही, राक्षस नाही, आकाशवाणी नाही. एक मोटरसायकल आहे, शेहेचाळीस किलोमीटरचा रस्ता आहे आणि डोक्यावर भर दुपारचं ऊन आहे. एवढ्या सामानात जे होईल ते सांगतो.

सासरा गावातला मिस्त्री. पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. पान्याचं एक टोक इंजिनाला लावायचा, दुसरं कानाला, डोळे मिटायचा आणि सांगायचा की आत काय बिघडलंय. लोक म्हणायचे, वैद्य नाडी बघतो तशी हा इंजिनाची बघतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्याच आतलं काम बंद पडलं. दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मोठ्या गावच्या दवाखान्यात जायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. मशीनची सुई टोचायला डाव्या हातात शीर जोडून दिलेली, त्या हाताने ओझं उचलायचं नाही. आणि पाणी मोजून. दिवसाला सातशे मिली, वर थेंब नाही. शरीरातून पाणी बाहेर जायची वाटच बंद झाली, तर आत किती घालणार?

ते मोजायचं काम त्याच्या बायकोकडे. तिने बाटलीला सुईने ओरखडे काढून सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा खुणा केल्या होत्या. औषध गिळायला जास्तीचा घोट मागितला तर म्हणायची, गोळी चावून खा. गल्लीतल्या बायका तिला मापाडीण म्हणू लागल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. नवरा जिवंत असेल तर हवं ते म्हणा, असा तिचा हिशोब.

मुलगा दूरच्या बंदरात कामाला, वर्षातून एकदा घरी येणारा. घरात सून. ती शिवणकाम करायची. ओसरीतल्या खिडकीशी तिचं मशीन. मुलाची मोटरसायकल मागच्या छपरात चादरीखाली उभी असे. नुसती उभी राहिली की गाडी गंजते, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मिस्त्रीने सुनेला ती चालवायला शिकवली होती. बाजार, पोस्ट, गिरणी एवढीच तिची मजल.

त्या वर्षी उन्हाळा चढत असताना नदीवरच्या पुलाला तडा गेला. पाहणी झाली, फलक लागला. जड वाहन बंद, जीप बंद, बस बंद. दुचाकी चालेल, पण इंजिन बंद करून, ढकलत न्यायची. लांबून वळसा घालायचा तर चार तास, आणि त्या रस्त्याला गाडीच नाही. पुलाच्या पलीकडून बस सोडू म्हणाले होते, ती म्हणण्यातच राहिली. पहिल्या आठवड्यात मिस्त्रीची एक पाळी चुकली. तीन दिवसांत पाय सुजून खांबासारखे झाले, चेहरा फुगला, आडवं पडलं की श्वास घुसमटायचा. भिंतीला टेकून बसलेल्या नवऱ्याकडे बघत मापाडीण सुनेला एवढंच म्हणाली की पुढची पाळी चुकली तर मला बघवणार नाही.

सून उठली, मागे गेली आणि गाडीवरची चादर काढली.

पाळी साडेबाराची. सकाळच्या पाळ्या भरलेल्या. बदलून मागितली तर चार महिने थांबा म्हणाले. मशीनं सहा, आणि व्हरांड्यात कायम कोणी ना कोणी वाट बघत बसलेलं. एकच्या आत पोचलं नाही की मशीन त्याला. म्हणजे निघायचं साडेदहा-पावणेअकराला, आणि रस्ता तुडवायचा तो ऐन उन्हात.

पहिल्या फेरीत दोघांनी मिळून चूक केली. मिस्त्रीला वाटलं, वारा लागला की माणूस गार होतो. त्याने बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, सदऱ्याची बटणं सोडली, पातळ बनियनवर बसला. सुनेला वाटलं, जेवढा वेळ उन्हात कमी तेवढं बरं. तिने गाडी सत्तरवर नेली. गाव सुटलं, पहिली दहा किलोमीटर बरी वाटली. मग डांबर तापलं आणि वारा फिरला. तो अंगाला लागत नव्हता, अंग सोलत होता. भट्टीचं दार उघडून कोणी समोर उभं राहावं तसा. टाकी मांड्यांना चटके देऊ लागली, इंजिनाची धग नडग्यांवर, हँडलच्या मुठी हातमोज्यांतूनही पोळायला लागल्या. मिस्त्रीच्या अंगावर घाम दिसेना. सुनेला बरं वाटलं, की बाबा गार आहेत.

ते गार नव्हते, वाळले होते. मशीनला जोडल्यावर अर्ध्या तासात रक्तदाब खाली गेला, डोळे पांढरे झाले. सिस्टर धावली, खाटेची पायाकडची बाजू उचलली, सलाईन सोडलं. तो शुद्धीवर आला तशी सिस्टर सुनेकडे वळली. चार माणसांसमोर तिने सुनेची चंपी केली. बाहेरचा वारा अंगापेक्षा गरम असला तर तो उष्णता नेतो का देतो, एवढं कळत नाही का, उघड्या अंगाने त्यांना कशाला आणलं, असं बरंच काही. सून खाली मान घालून फरशीचे सांधे बघत राहिली. शेवटी सिस्टर थोडी निवळली. जाता जाता म्हणाली, "त्यांना पोटातून पाणी देता येत नाही ना? मग कातडीवरून द्या. झाका आणि ओलं ठेवा."

संध्याकाळी गावात शिरताना पंक्चरवाल्याने टायरात हवा भरता भरता विचारलं की मिस्त्री, सुनेच्या मागे बसून कसं वाटतं? मिस्त्रीच्या अंगात त्राण नव्हतं, पण जीभ शाबूत होती. म्हणाला, बरं वाटतं, तू जोडलेल्या ट्यूबपेक्षा जास्त भरवसा आहे. बाकावरचे हसले. घराच्या उंबऱ्यावर मात्र त्याने भिंत धरली आणि सांगून टाकलं.

"आता बास. माझ्यापायी ही पोर रस्त्यावर पडेल. मी जायचा नाही."

मापाडीणीने संध्याकाळच्या खुणेएवढं पाणी पेल्यात ओतलं आणि त्याच्यासमोर ठेवून आत गेली. सून शिवणाच्या मशीनवर बसली.

दोन जाड टॉवेल होते, धुऊन धुऊन मऊ झालेले. तिने ते कापले, पाठीला आणि मानेला दुहेरी केले, मधून आडवे-उभे टाके घातले म्हणजे कापड ओलं झाल्यावर लोंबणार नाही. काखेत जाड घडी, कुशीला बांधायला नाड्या. बिनबाह्यांची बंडी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ती मिस्त्रीपुढे ठेवली आणि सांगितलं की ही भिजवून आतून घालायची, वरून पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, बटणं लावून. वारा थेट अंगाला लागू द्यायचा नाही. ओल्या कापडातून येऊ द्यायचा.

मिस्त्री म्हणाला, शक्य नाही. आणि त्याने कारण सांगितलं ते त्याच्या धंद्यातलं. फार वर्षांपूर्वी एका मळ्यात पंपाचं इंजिन तापलं होतं. मालक घाबरला आणि त्याने बादलीभर गार पाणी त्यावर ओतलं. हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, तडा गेला. बंदुकीसारखा आवाज झाला होता. तेव्हापासून मिस्त्रीने शेकडो लोकांना एकच गोष्ट बजावली होती, की तापलेल्या इंजिनावर गार पाणी घालू नका. आता म्हातारपणी स्वतःच्या अंगावर घालू? मी काय इंजिनापेक्षा मजबूत आहे, असं त्याने विचारलं. सिस्टर शिकलेली असेल, पण तिने कधी हेड उघडून बघितलंय का?

सून ऐकत होती. हातातल्या कात्रीने एक सुटलेला दोरा कापत म्हणाली, "बाबा, पण इंजिन सुरू करायच्या आधी पाणी भरायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. तापायची वाट कोण बघतंय? घरातूनच ओलं करून निघू. आणि मध्ये घालायचं तर चालू इंजिनात, थोडं थोडं."

मिस्त्रीने बंडी उचलली, उलटी केली, शिवण अंगठ्याने चाचपली. गळ्यापाशी पाणी साठून पुढे ओघळेल, तिथे आणखी एक टाक्यांची ओळ घाल, म्हणाला. सुनेने दोरा ओवला. त्या घरात होकार असाच दिला जायचा.

देवाने माणसाच्या कातडीत लाखो बारीक तोट्या ठेवल्या आहेत. ऊन लागलं की त्या आपोआप सुटतात, कोणाला सांगावं लागत नाही, कोणाला त्याचे आभारही मानावेसे वाटत नाहीत. ज्याच्या तोट्या आटल्या त्याच्यासाठी कुणाला तरी टॉवेल घेऊन बसावं लागतं. आणि बसणारा भेटला, तर त्यालाही त्याच मालकाने धाडलेलं असतं असं मी समजतो.

तर आता निघण्याची रीत ठरली. सव्वादहाला बंडी बादलीत. पिळायची नाही, नुसती निथळू द्यायची. अंगात चढवताना मिस्त्री पहिल्यांदा शहारायचा, मग लहान मुलासारखं तोंड करायचा. वर सदरा, मानेभोवती ओलं फडकं, डोक्यावर ओला रुमाल आणि मग हेल्मेट. टाकीवर ओलं पोतं, सीटवर दुमडलेली चादर. मागे दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे कॅन. वेग पंचेचाळीस. साठवर नेलं तर बंडी आठ किलोमीटरात वाळते आणि तीसवर नेलं तर ऊन रस्ता संपू देत नाही, हे दोन फेऱ्यांत कळलं. पाठ कोरडी झाली की मिस्त्रीने सुनेच्या खांद्यावर एकदा थोपटायचं. मग पुढच्या सावलीला थांबा. सावल्याही ठरून गेल्या: बाराव्या किलोमीटरचं चिंचेचं झाड, अठराव्याला पुलाच्या तोंडाशी चौकीदाराची मोठी छत्री, तिसाव्याला बंद पडलेल्या वजनकाट्याची शेड. तिथे गाडी लावायची, कॅनमधलं पाणी तांब्याने मानेमागून हळूहळू सोडायचं, ते कण्यावरून उतरताना मिस्त्रीने डोळे मिटायचे, आणि चला.

बंडी घालून गेले त्या पहिल्याच गुरुवारी दवाखान्यात सिस्टरने त्याच्या कपाळाला हात लावला, मनगट धरलं आणि सुनेला म्हणाली की आज माणूस आणलात. चारही तास रक्तदाब हलला नाही. मिस्त्रीने शेजारच्या खाटेवरच्या शिक्षकाला सदरा वर करून बंडी दाखवली, टाके मोजून दाखवले आणि गळ्यापाशी ओळ घालायची अक्कल आपली होती हेही सांगितलं.

सगळे मिस्त्रीकडे बघत होते. सुनेकडे कोणी बघितलं नाही.

ती नवऱ्याचं काळं रेक्झिनचं जाकीट घालायची. आडवी-तिडवी पडले तर हाडं वाचतील म्हणून. ते उन्हात तव्यासारखं तापायचं. आणि ती वाटेत पाणी प्यायची नाही. मागे दहा लिटर पाणी हिंदकळत असायचं, तिच्या हातांनी ती ते दुसऱ्याच्या पाठीवर सोडायची, पण तोंडाला लावायची नाही. ज्याला घोट मोजून मिळतो त्याच्यासमोर घटाघटा पाणी कसं प्यायचं? तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं त्या घरात तसंच चाललं होतं. मापाडीण आत भिंतीकडे तोंड करून प्यायची, सूनही. जेवताना ताटापाशी पेला ठेवायचे नाहीत. मिस्त्रीला वाईट वाटू नये म्हणून दोघींनी न बोलता बसवलेला नेम. दवाखान्यात तो मशीनवर चढला की सून नळाशी जायची आणि ओंजळीने, दम लागेपर्यंत प्यायची. तोवर दोन तास झालेले असायचे.

सहाव्या फेरीचा गुरुवार. त्या दिवशी सकाळपासून पाखरांचाही आवाज नव्हता. पूल आला तेव्हा चौकीदाराच्या जागी नवा मुकादम बसला होता, छत्रीखाली. त्याने गाडी ढकलणाऱ्या बाईकडे बघितलं, मागून मोकळ्या हातांनी चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं की म्हातारबा, लाज घरी ठेवून आलात का? मिस्त्रीचे कान तापले. त्याने पुढे होऊन हँडल धरलं. सुनेने त्याचा डावा हात मुठीवरून अलगद काढला, शिरेवर ताण नको म्हणाली. मुकादमाला काही सांगत बसली नाही. तीनशे पावलांचा पूल, मध्ये चढ, दोन्ही कॅन अजून जवळजवळ भरलेले. मिस्त्रीने उजव्या हाताने मागून कॅरियर रेटला, जेवढा रेटता आला तेवढा. काँक्रीटची धग चपलांच्या तळातून वर येत होती. पलीकडे पोचल्यावर तिने मिस्त्रीच्या पाठीवर पाणी सोडलं, किक मारली आणि निघाली.

चार-पाच किलोमीटर गेले असतील. मिस्त्रीच्या कानाला काहीतरी खटकलं. गाडीचा वेग पडला होता, पण गिअर चौथाच. इंजिन आतून ठोके देत होतं, दबलेलं, कुथल्यासारखं. असा आवाज त्याने शिकाऊ माणसांच्या हाताखाली ऐकला होता. त्याच्या सुनेच्या हाताखाली कधीच नाही. शिकवतानाच तिला चढ दिसायच्या आधी गिअर कळायचा. त्याने खांद्यावर थोपटलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा थोपटलं. गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली.

इंजिनात दोष नव्हता, म्हणजे चालवणाऱ्यात होता. त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, ब्रेक दाब. तिने दाबला, उशिरा. गाडी कडेच्या भुसभुशीत मातीत शिरली आणि बसल्यासारखी आडवी झाली. मिस्त्रीचं ढोपर सोललं, बाकी काही नाही. पण सून उठेना.

रस्त्याकडेला पुलाच्या कामासाठी आणून टाकलेले सिमेंटचे मोठे पाइप होते. त्याने तिला खांद्याला धरून त्यातल्या एकात नेलं. हेल्मेट काढलं. चेहरा लाल आणि कोरडा, ओठ पांढरे, हात थरथरत होते. शिवणाच्या मशीनवर कापड टाकलंत का, असं तिने विचारलं. पुन्हा तेच विचारलं. मिस्त्रीने जाकिटाची चेन ओढली तर आतून वाफ आल्यासारखी धग आली. शेवटचं पाणी कधी प्यालीस, त्याने विचारलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, घरून निघताना.

त्याच्या लक्षात आलं. नुसतं आजचं नाही, दोन वर्षांचं लक्षात आलं. ताटापाशी नसलेले पेले, आतून येणारा माठाच्या झाकणाचा आवाज, आपण खोलीत गेलो की गप्प होणारं स्वयंपाकघर.

त्याने कॅनमधून तांब्या भरला आणि तिच्या तोंडाशी धरला. तशाही अवस्थेत तिने मान फिरवली. पाइपाच्या भिंतीकडे.

"इकडे बघ," मिस्त्री म्हणाला. "माझ्यासमोर पी. मला प्यायला बंदी आहे पोरी, बघायला नाही."

ती प्यायली. पहिले दोन घोट सांडले. तिसरा गेला. मिस्त्री मोजायला लागला, मोठ्याने, चार, पाच, सहा. तिचा घसा हलायचा तसा त्याचाही हलायचा. नऊवर त्याने थांबवलं, थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा धरला. मग त्याने आपला सदरा काढला, नाड्या सोडल्या, अंगातली ओली बंडी काढून तिला घातली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. स्वतः उघड्या अंगावर सदरा चढवला आणि पाइपाच्या तोंडाशी, तिच्यावर ऊन येत होतं तिथे, पाठ करून बसला.

घड्याळात बाराला पाच कमी. अजून तेवीस किलोमीटर. डोळ्यांत नीट नजर आल्याबरोबर सून उठायला लागली. म्हणाली की निघू, पाळी जाईल. मिस्त्रीने तिला हात पुढे करायला सांगितलं. बोटं कापत होती. बस, म्हणाला. दहा मिनिटांनी पुन्हा हात बघितला. अजून कापत होता. बस. ती म्हणाली, "बाबा, एकनंतर देणार नाहीत."

"न देऊ देत. माझं मशीन तिकडे आहे, पण मला नेणारं इकडे आहे."

पस्तीस मिनिटं बसवून ठेवलं त्याने. तेवढ्यात तिने पाव कॅन संपवला. मिस्त्रीने रेक्झिनचं जाकीट गुंडाळून कॅरियरला बांधलं आणि आपलं मानेचं ओलं फडकं तिच्या डोक्यावर टाकलं. शेवटी बोटं स्थिर झाली. तिने बंडी काढून त्याला परत करायला घेतली, तो घेईना. मग तिने शिंपिणीचा तोडगा काढला. कुशीच्या नाड्या सोडल्या, खांद्याची शिवण दातांनी उसवली. पाठीचा दुहेरी भाग त्याच्या पाठीला, पुढचा आपल्या छातीला, दोन्ही नाड्यांनी आवळून. दोन्ही अर्ध्यांवर पाणी सोडलं. गाडी उचलली, दोघांनी मिळून. किक तिने मारली.

दवाखान्यात पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मशीनवर दुसरा माणूस होता, व्हरांड्यात सकाळपासून बसलेला एक सुतार. सिस्टरने घड्याळाकडे बोट दाखवलं. सुनेने हात जोडले नाहीत, रडली नाही. सांगितलं की आम्ही इथेच बसलो आहोत, पुढचं रिकामं होईल ते आम्हाला द्या, अर्धा वेळ मिळाला तरी चालेल, पण जोडल्याशिवाय आम्ही जाणार नाही. ते दोघं बाकावर बसले, अर्धी-अर्धी बंडी घालून. सिस्टर दोनदा समोरून गेली. तिसऱ्यांदा एक बाटली सुनेच्या हातात देऊन गेली. सुनेने ती उघडली, मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने मान हलवली. ती प्यायली, सगळ्यांसमोर.

साडेपाचला एक मशीन सुटलं. तीन तास मिळाले, चार नाही. तरी पाणी निघालं, श्वास मोकळा झाला. मुक्काम व्हरांड्यातच झाला आणि ते पहाटेच्या गारव्यात परत आले.

घरी सुनेने सगळं सांगितलं नाही, मिस्त्रीने सांगितलं. मापाडीण ऐकून चिडली. मेली असतीस म्हणजे, असं सुनेला, आणि तुम्हाला दोन वर्षं कळलं नाही, असं नवऱ्याला, आणि पुलावरच्या मुकादमाला त्याच्या पाठीमागे जे म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही. मग ती आत गेली. काठोकाठ भरलेला पेला घेऊन बाहेर आली, नवऱ्यासमोर पाटावर बसली आणि सावकाश प्यायली. तिचे डोळे वाहत होते, पण तिने पेला मध्ये ठेवला नाही. मिस्त्री बघत होता. संपल्यावर त्याने विचारलं की गार होतं का? ती म्हणाली, होतं. तो म्हणाला, बरं झालं.

आता बंड्या दोन आहेत. सुनेची खांद्याला जरा अरुंद, वर पांढरा सैल शर्ट. रेक्झिनचं जाकीट कपाटात गेलं. त्याऐवजी तिने जाड कापडाचं, कोपरांना अस्तर लावलेलं एक शिवलं. दहा मिनिटं आधी निघतात. चिंचेपाशी थांबले की पहिलं पाणी तिचं, मग त्याच्या पाठीचं. कॅन तो धरतो, उजव्या हाताने, आणि मोजतो. दहा घोट झाल्याशिवाय गाडीला हात लावू देत नाही. तिने एकदा सातवर बाटली बंद केली तर म्हणाला, तीन राहिले, ते माझ्या वाटचे आहेत, तेही तूच पी. पुलावर मुकादम असतो, ते त्याला रामराम करून गाडी ढकलत जातात. हल्ली तोही उतारापर्यंत मागून हात लावतो आणि कोणी बघितलं की काढून घेतो.

पुलाचं काम अजून निम्मं आहे. ऊन उतरायला महिना तरी लागेल. त्यानंतरही मशीन सुटणार नाही, हे त्या घरात तिघांनाही माहीत आहे, आणि कोणी त्यावर बोलत बसत नाही. दर बुधवारी आणि रविवारी दोरीवर दोन बंड्या वाळतात, कॅन विसळून पालथे घालतात, चेनला तेल पडतं.

उद्या सोमवार. सव्वादहाला त्या बंड्या बादलीत पडतील. तुम्ही तेव्हा कुठेतरी सावलीत असाल, पंख्याखाली, दुकानात, कचेरीत. तहान लागेल, पेला तोंडाला लावाल. तेव्हा माझी एवढी विनवणी आहे, की घोट गिळण्याआधी देवाजवळ त्या मिस्त्रीची एकदा आठवण काढा. तो त्या घटकेला रस्त्याकडेला झाडाखाली उभा असेल, कोरड्या तोंडाने, दुसऱ्याचे घोट मोजत.